सेनहायझर एचडी ५८० सेकंडहँड, खारघरवाले १९,५०० सांगतायत. योग्य भाव किती?

नौपाडा_श्रोता
नमस्कार मंडळी. सेनहायझरचा एचडी ५८० प्रिसिजन हा हेडफोन घ्यायचं मनात आहे, म्हणजे सेकंडहँडच, नवीन मिळायचा बंद होऊन जमाना झाला. ओएलएक्सवर खारघरच्या एका गृहस्थांची जाहिरात दिसली, १९,५०० म्हणतायत आणि खाली "रेअर, डिसकंटिन्यूड, भाव फिक्स" असं लिहिलंय. मी ठाण्यात नौपाड्यात राहते, ट्रान्स हार्बरने जाऊन बघून यायला काही त्रास नाही, पण जायच्या आधी भाव बरोबर आहे का आणि तिथे गेल्यावर नेमकं काय तपासायचं हे कळलं तर बरं होईल.

थोडं सांगते म्हणजे अंदाज येईल. माझं ऐकणं नव्वद टक्के ख्याल, जुनी नाट्यपदं, आकाशवाणीची जुनी रेकॉर्डिंग. बंद कपांचे हेडफोन इथल्या हवेत तासाभराच्या वर घालवत नाहीत, कान नुसते भिजतात. ऑफिसातल्या एका मित्राकडे एचडी ६०० ऐकला आणि तेव्हापासून दुसरं काही आवडेना झालंय. तानपुऱ्याच्या तारेची जवारी सुटी सुटी ऐकू येते, गाणारी बाई सम गाठायच्या आधी श्वास घेते तो पण येतो, आणि हे सगळं कानात टोचल्यासारखं न वाटता. नवीन ६०० ला माझं बजेट पुरत नाही. मित्र म्हणाला ५८० बघ, तोच आवाज आहे.

फोटोत दिसतंय ते असं: कानाचे पॅड पार चपटे झालेत, एका बाजूची केबल बदललेली वाटते, वरच्या पट्टीचा फोम मधे दबलाय. ते गृहस्थ अजून ६,००० दिले तर एक छोटा अॅम्प (आवाज वाढवणारा अॅम्प्लिफायर) पण देतो म्हणतायत, "त्याशिवाय हा हेडफोन चालणारच नाही" असं त्यांचं म्हणणं. माझ्याकडे अँड्रॉइड फोन, घरी लॅपटॉप आणि हेडफोन जोडायचा अॅपलचा तो छोटा पांढरा डोंगल आहे. अॅम्प घ्यायलाच लागेल का?

खाडीकाठ_ऐरोली
ताई, पहिल्यांदा तो "रेअर" शब्द बाजूला ठेवा, भाव ठरवताना त्याचा काही उपयोग नाही. ५८० दिसत नाही हे खरं, पण त्याची भावंडं ढिगाने आहेत आणि भाव ती भावंडंच ठरवतात.

घराणं असं आहे. ५८० नव्वदच्या दशकातला. सेनहायझरला १९९५ मधे पन्नास वर्षं झाली तेव्हा त्यांनी त्याचीच ज्युबिली आवृत्ती काढली आणि तिच्यावरून १९९७ ला ६०० आला. मग २००३ ला ६५०, आणि २०१६ ला मासड्रॉप या ऑनलाइन दुकानाने ६५० लाच निळसर काळा रंग देऊन ६एक्सएक्स नावाने १९९.९९ डॉलरला विकायला सुरुवात केली. या शेवटच्या गोष्टीने सगळ्या जुन्या घराण्याचा सेकंडहँड भाव खाली आला, कारण तेवढ्या पैशात कोरा माल मिळत असताना वीस-पंचवीस वर्षं वापरलेल्याला कोण जास्त देणार. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ५८०, ६००, ६५० यांचे कानाचे पॅड, केबल, वरच्या पट्टीचा फोम, बाहेरच्या जाळ्या एकमेकांना बसतात. म्हणजे मॉडेल बंद झालंय पण सामान बंद नाही झालेलं. बंद पडलेल्या हेडफोनचा भाव बघताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो, याचं सामान आज मिळतं का? मिळत असेल तर तो नुसता जुना हेडफोन आहे, दुर्मिळ वगैरे नाही, आणि जुन्याचा भाव म्हणजे चालू भावंडाच्या सेकंडहँड भावातून दुरुस्तीचा खर्च वजा.

आता आकडे. वापरलेला ६एक्सएक्स आपल्याकडे चांगल्या अवस्थेत साधारण चौदा ते सतरा हजाराला जाताना मी बघतोय, "जाताना" म्हणतोय, जाहिरातीत मागताना नाही. जाहिरातीतला आकडा ही विकणाऱ्याची इच्छा असते आणि तीच जाहिरात महिनोनमहिने तशीच दिसत असेल तर बाजाराने उत्तर दिलेलंच आहे. ईबेवर बघायचं असेल तर विकल्या गेलेल्या वस्तूंचा फिल्टर लावून बघा, नुसतं शोधून आलेली यादी बघू नका, तिथे लोक काहीही मागतात.

तुमच्या पीसला पॅड बदलणं आलंच. कंपनीचे मूळ पॅड चार-पाच हजाराच्या घरात जातात, दुसऱ्या कंपन्यांचे त्याच्या निम्म्यात मिळतात पण आवाज थोडा बदलतो, माझं मत विचाराल तर या हेडफोनला मूळचेच लावा. केबल गेलेली असेल तर तो खर्च वेगळा. तर धडधाकट असेल, दोन्ही ड्रायव्हर (कपातले आवाज काढणारे भाग) मूळचे असतील तर नऊ ते साडेदहा हजार हा मला योग्य भाव वाटतो. नवे पॅड आधीच लावलेले असते तर बारा-तेरापर्यंत गेलो असतो. १९,५०० ला तर अजिबात नाही.

आणि अॅम्पचं. "चालणारच नाही" हे खोटं आहे. ३०० ओमचा हेडफोन आहे, त्याला करंट फार लागत नाही, व्होल्टेज लागतं. ६०० ची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठराविक पॉवरला किती मोठा वाजतो ते, एका मिलिवॉटला ९७ डेसिबल आहे आणि ५८० त्याच जातीचा. ३०० ओमला एक मिलिवॉट म्हणजे साधारण ०.५५ व्होल्ट. तुमच्या अॅपल डोंगलमधून एक व्होल्ट येतो, म्हणजे हिशेबाने १०२ डेसिबलच्या आसपास, घरात बसून ख्याल ऐकायला भरपूर झाला. फक्त एक लक्षात ठेवा, हाच डोंगल बऱ्याच अँड्रॉइड फोनवर निम्माच आवाज देतो, तर तपासायला जाताना लॅपटॉप घेऊन जा नाहीतर "हेडफोनच मेलाय" असं वाटेल. पुढे कधीतरी चांगला अॅम्प घ्याच, फरक पडतो, कारण या घराण्याचा इम्पिडन्स (तो ओममधला विजेचा अडथळा) खालच्या सुरांना ३०० राहत नाही, ऐंशी-शंभर हर्ट्झच्या आसपास पाचशेच्या वर जातो आणि म्हणूनच लोकांना हे हेडफोन ट्यूब अॅम्पवर आवडतात. पण ते तुम्ही तुमच्या सवडीने, तुमच्या पसंतीचं घ्या. त्यांचा अॅम्प त्यांच्याकडेच राहू दे.

मल्टिमीटर_कळवा
भाव वरच्यांनी सांगितला, मी तपासायचं सांगतो कारण माझं कामच दुरुस्तीचं आहे आणि असे हेडफोन नेहमी हातात येतात.

खिशात एक साधा मल्टिमीटर टाका, तीनशे रुपयांचा पण चालेल. हेडफोन कशालाही न जोडता, प्लगच्या टोकाला एक काडी आणि अगदी मागच्या भागाला दुसरी, हे डावीकडचं रीडिंग. मग मधल्या कड्याला आणि मागच्या भागाला, हे उजवीकडचं. दोन्ही तीनशेच्या जवळपास आणि एकमेकांच्या अगदी जवळ यायला हवेत. एक २९७ आणि एक ३०२ आलं तर काळजी नको. एकीकडे २९५ आणि दुसरीकडे भलतंच काही आलं तर कोणीतरी एक ड्रायव्हर बदलला असण्याची शक्यता धरा. कंपनी दोन्ही बाजूंचे ड्रायव्हर जुळवून लावते, त्यातला एक बदलला की जोडी मोडली आणि तसल्या पीसला मी निम्मा भाव पण देणार नाही. मीटर लावलेला असतानाच कपापाशी केबल हलवून बघा, आकडा उड्या मारत असेल तर पिनचा कॉन्टॅक्ट सैल आहे. ही या हेडफोनची ठरलेली तक्रार. तिथे दोन पिना असतात, एक जाड एक बारीक, वर्षानुवर्षं काढघाल करून सॉकेट ढिलं होतं. बऱ्याचदा केबलचंच टोक गेलेलं असतं आणि नवीन केबलने काम भागतं, पण कपाच्या आतलं सॉकेट सैल असेल तर उघडून काम करावं लागतं, त्यामुळे दोन बाजूंच्या केबल अदलाबदल करून बघा, दोष केबलबरोबर गेला तर केबल, तिथेच राहिला तर कप.

मग कानाला लावून. फोनवर टोन जनरेटरचं कुठलंही अॅप टाका आणि २० हर्ट्झपासून हळूहळू २०० पर्यंत चढवत न्या, आवाज बेताचा ठेवून. कुठेतरी फर्रर्र किंवा किर्र असं काही वाजलं तर घाबरून सोडून देऊ नका. दहातल्या बऱ्याच वेळा तो केस असतो, डोक्याचा एखादा केस जाळीतून आत जाऊन ड्रायव्हरच्या पडद्याला टेकलेला असतो आणि खालच्या सुराला पडदा हलला की तो वाजतो. पॅड काढायचा, आतली फोमची चकती उचलायची, उजेडात तिरकं धरून बघायचं, दिसतोच. चिमट्याने हळूच काढला की आवाज स्वच्छ. विकणाऱ्याला माहीत नसतं आणि तो "थोडा व्हायब्रेट होतो" म्हणून आपणहून भाव पाडतो, असे पीस मी घेतलेत. मात्र केस काढल्यावर पण वाजतच राहिला तर पडदाच गेलाय, तिथून परत फिरा.

बॅलन्ससाठी मोनो रेकॉर्डिंग लावा, तुमच्याकडे जुनी आकाशवाणीची आहेत म्हणता तीच बेस्ट. गळा बरोबर डोक्याच्या मधे यायला पाहिजे. एका बाजूला सरकल्यासारखा वाटला तर हेडफोन उलटा घाला, डावा उजव्या कानाला. गळा पण दुसऱ्या बाजूला गेला तर दोष हेडफोनमधे, आहे तिथेच राहिला तर आपल्या कानात किंवा कानातल्या मळात, त्यासाठी हेडफोनला बोल लावू नका.

वरची कमान नीट बघा, जिथे कपाचा हात कमानीत सरकतो तिथल्या प्लास्टिकला बारीक तडे जातात. नखाने चाचपा, फोटोत ते कधीच दिसत नाहीत. आतला फोम आपल्याकडच्या हवेत भुगा होतो, काळा चिकट भुगा, तो दिसला तर घाबरायचं काम नाही, चकती बदलता येते, पण तो भुगा ड्रायव्हरवर पडून राहिलेला असेल तर भाव कमी करून मागा.

पामबीच_सानपाडा
मला भावाचं गणित पूर्ण पटत नाही, म्हणून लिहितोय.

सामान मिळतं म्हणून जुन्याचा भाव नव्यातून वजाबाकी करून ठरवायचा, हे वापरून वापरून पिळून काढलेल्या पीसला ठीक आहे. पण एखाद्याने वीस-पंचवीस वर्षं जपून ठेवला असेल, खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून, दर पावसाळ्यात बाहेर काढून हवा दाखवून, मूळ ड्रायव्हर, मूळ बिल, मूळ खोकं, तर त्याला पण "६एक्सएक्स इतक्याला मिळतो" हेच ऐकवायचं का? माझ्याकडे ऑस्ट्रियात बनलेला एकेजी कंपनीचा के७०१ हेडफोन आहे. २०१७ मधे व्हिएन्नाचा कारखाना बंद झाला, त्याच वर्षी सॅमसंगने एकेजीची मालक कंपनी हरमन विकत घेतली, त्यानंतर तिथे बनलेला पीस नव्याने येणं शक्यच नाही. तरी जो तो येऊन चीनमधे बनलेल्याचा भाव सांगायचा. शेवटी मी तो विकलाच नाही, अजून ऐकतोय आणि सुखात आहे. मुद्दा एवढाच की योग्य भाव दोन्हीकडून योग्य असायला हवा, जपणाऱ्याच्या मेहनतीला पण काहीतरी किंमत असते.

नौपाडाताईंच्या पीसबद्दल म्हणाल तर चपटे पॅड आणि बदललेली केबल म्हणजे तो काही जपलेला दिसत नाही, त्यामुळे तिथे नऊ-दहा मला पण मान्य. पण उद्या कोणाकडे खोक्यासकट नीट ठेवलेला दिसला तर चौदा द्यायला मागेपुढे बघू नका.

खाडीकाठ_ऐरोली
पामबीच भाऊ, जपणाऱ्याला जास्त द्यावं हे मान्यच, म्हणूनच वर पॅड चांगले असते तर बारा-तेरा म्हटलं. पण के७०१ चं उदाहरण ५८० ला लागू होत नाही आणि कारण तुम्हीच सांगितलंय, कारखाना गेला. ६०० आणि ६५० आयर्लंडच्या तल्लामोरमधे बनत आलेत. सेनहायझरने २०२२ मधे घरगुती वापराचा धंदा सोनोव्हाला दिला तरी मॉडेलं चालू राहिली. आणि के७०१ घेणाऱ्यांसाठी अजून एक, त्याची केबल कपात पक्की बसवलेली असते, निघत नाही. के७०२ ला ती मिनी एक्सएलआर नावाच्या छोट्या प्लगने निघते. सेकंडहँड घ्यायचा तर के७०२ कधीही बरा, केबल तुटली तर के७०१ उघडून सोल्डरिंगचा डाग द्यावा लागतो. एकेजीचं वरचं इलॅस्टिक पण बघून घ्यायचं, ते ढिलं झालं की कप खाली घसरतात.

बाकी खरोखर दुर्मिळ बघायचे असतील तर सोनीचा एमडीआर-आर१०, १९८९ चा, झेल्कोव्हाच्या लाकडाचे कप. त्याचे ड्रायव्हर आता कुठूनही मिळायचे नाहीत. तिथे "रेअर" म्हटलेलं मी ऐकून घेईन. डेनॉनचे जुने डी२०००, डी५०००, डी७००० हे मधल्या वर्गात येतात, पॅड बाहेरचे मिळतात पण ड्रायव्हर गेला तर संपलं, शिवाय कप धरणाऱ्या कड्याचे बारीक स्क्रू सैल होऊन पडतात आणि चामड्याचे पॅड आपल्या पावसाळ्यात सोलून निघतात. त्यांना भाव देताना हा धोका धरूनच द्यायचा.

घोडबंदर_रात्रपाळी
पैसे कसे द्यायचे यावर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. हेडफोन हातात घेऊन तपासल्याशिवाय एक रुपया पाठवू नका, "दुसरं गिऱ्हाईक आहे, दोन हजार टोकन टाका" म्हणाले तरी. ओएलएक्सवर सैन्यात असल्याचं सांगून, बदली झाली म्हणून सामान विकतोय असं म्हणणारे भामटे फार झालेत. आणि तुम्ही कधी विकायला गेलात तर हे पक्कं लक्षात ठेवा, क्यूआर स्कॅन करून किंवा पिन टाकून पैसे कधीच येत नाहीत, जातातच. काही झालंच तर लगेच सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, १९३० ला फोन करायचा, जितक्या लवकर कराल तितके पैसे अडवता यायची शक्यता जास्त.

दुसरं, भेटायची जागा. लोक म्हणतात स्टेशनला भेटू. उघड्या कपांचा हेडफोन आहे हा, बाहेरचा सगळा आवाज आत येतो, प्लॅटफॉर्मवर किंवा मॉलच्या फूडकोर्टमधे तुम्हाला गाडीची अनाउन्समेंट आणि मिक्सरच ऐकू येणार. त्यांच्या सोसायटीचं क्लबहाऊस, नाहीतर काचा लावून उभी केलेली गाडी, एसी बंद करून. बरोबर कोणीतरी असू द्या.

नौपाडा_श्रोता
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. त्या गृहस्थांशी फोनवर बोलले. बोलायला चांगले वाटले, वयस्कर आहेत, हेडफोन मुलाचा होता आणि मुलगा आता बाहेरगावी असतो म्हणाले. भाव त्यांनी कुठल्यातरी परदेशी साइटवर बघून टाकलाय. आता ते म्हणतायत की हा साधा ५८० नाही, ज्युबिली आहे, कारण बाहेरची जाळी धातूची आहे, आणि म्हणून भाव कमी होणार नाही. फोटो परत मोठा करून बघितला, जाळी खरंच धातूचीच दिसते. यावर काय म्हणायचं?

मल्टिमीटर_कळवा
नुसत्या जाळीवरून ज्युबिली ठरत नाही. साध्या ५८० ला प्लास्टिकची जाळी येते, आणि तिच्या जागी ६०० ची धातूची जाळी लावणं हा लोकांचा सगळ्यात आवडता उद्योग, दाबून बसते, दोन मिनिटांचं काम. त्यामुळे आवाज अजून मोकळा होतो म्हणतात. त्यांना सांगा हेडफोनवर छापलेलं नाव आणि खोक्यावरचं नाव यांचा जवळून फोटो पाठवा. मुलाला विचारायला सांगा, जाळी बदलली असेल तर त्याला आठवेलच. धातूची जाळी आली हा तुमचा फायदाच आहे, त्यासाठी पाचशे-हजार जास्त गेले तरी चालेल, पण ज्युबिलीचा भाव द्यायचा नाही.

पामबीच_सानपाडा
वयस्कर माणूस आहे आणि मुलाची वस्तू आहे तर घासाघीस नीट करा एवढीच विनंती. "तुमचा माल भंगार आहे" असं न म्हणता, आजचा ६एक्सएक्सचा भाव आणि पॅडचा भाव फोनवर उघडून त्यांच्यासमोर ठेवा. त्यांना फसवलं असं वाटायला नको, आपल्याला पण.

नौपाडा_श्रोता
जाऊन आले, म्हणून लिहिते.

माझा भाऊ सोबत होता. ठाण्याहून पनवेल गाडी पकडून सरळ खारघर, त्यांनी घरीच बोलावलं. काकूंनी चहा केला, हॉलचा पंखा पण बंद केला मी सांगितल्यावर. आधी मीटर लावला, डावीकडे २९८ आणि उजवीकडे ३०१, तेव्हाच जीवात जीव आला. पण उजवीकडची केबल हलवली की आकडा गायब. सांगितल्याप्रमाणे दोन बाजूंच्या केबल अदलाबदल केल्या, दोष केबलबरोबर डावीकडे गेला, म्हणजे कपाचं सॉकेट शाबूत. काका पण चष्मा लावून बघत होते, त्यांना ते फार आवडलं, म्हणाले मी बँकेत होतो पण मला असं तपासणं आवडतं.

मग अॅपवरून खालचा सूर लावला तर साधारण साठ-सत्तरला डावीकडून किर्र. पॅड काढला, चकती उचलली तर फोम हाताला लागून काळा झाला, अर्धा भुगाच. आणि खिडकीपाशी तिरकं धरल्यावर दिसला, बारीक लांब केस, जाळीच्या एका भोकातून आत गेलेला. काकूंच्या चिमट्याने काढला. परत सूर लावला, काही नाही, एकदम स्वच्छ. दुसऱ्या बाजूला पण बघून घेतलं, तिथे काही नव्हतं.

ज्युबिलीचं पण निघालं. छापलेलं नाव साधं एचडी ५८० प्रिसिजनच, आणि काकांनी मुलाला व्हिडिओ कॉल लावला तेव्हा तो म्हणाला जाळ्या मीच ६०० च्या लावल्या होत्या, जुन्या प्लास्टिकच्या त्याच कपाटात असतील. त्या पण सापडल्या, त्यांनी देऊन टाकल्या.

मोनोचं एक जुनं रेकॉर्डिंग लावलं लॅपटॉपवर डोंगल लावून, गळा बरोबर मधे. आवाज पुरेसा मोठा, साठ टक्क्यांच्या वर जायची गरज नाही पडली. चपट्या पॅडमुळे कान आतल्या फोमला टेकत होता आणि सूर जरा दबल्यासारखे वाटत होते, पण मित्राचा ६०० ऐकलाय त्यामुळे आत काय आहे ते कळत होतं.

भावाचं: मी फोनवर दोन्ही किमती दाखवल्या, पॅडची आणि केबलची पण. मी नऊ म्हटलं, काका बारावर आले, मुलगा व्हिडिओवरूनच म्हणाला बाबा ती ऐकणारी आहे, दहाला द्या. दहा हजार ठरले, जाळ्यांची जादा जोडी, मूळ ६.३ मिमीचं अडॅप्टर आणि खोकं यासकट. तिथेच यूपीआय केलं आणि एका कागदावर मॉडेल, तारीख आणि रक्कम लिहून दोघांनी सह्या केल्या.

आता विचारायचंय ते असं. पॅड आणि केबल मागवलेत, ते यायला वेळ आहे. तोपर्यंत तो भुगा झालेला फोम कसा साफ करू? ड्रायव्हरच्या जाळीवर पण काळे कण बसलेत. आणि जुने पॅड धुवून चालतात का?

मल्टिमीटर_कळवा
दहा हजार उत्तम झालं. जाळ्या आणि खोक्यासकट म्हणजे फारच छान.

फोमचे कण ओल्या कपड्याने पुसू नका, चिकटून बसतील. हेडफोन असा धरा की ड्रायव्हरचं तोंड जमिनीकडे असेल आणि रंगकामाच्या मऊ, कोऱ्या ब्रशने खालच्या दिशेने झटका, म्हणजे कण आत न जाता खाली पडतील. व्हॅक्यूम क्लीनर लावायचा नाही, फुंकर मारायची नाही, दाबाच्या हवेचा कॅन तर अजिबात नाही, पडदा फाटेल. जे कण चिकटलेत ते सेलोटेपच्या तुकड्याने नुसतं टेकवून उचला, दाबू नका. फोमची चकती नवीन पॅडबरोबर येते का ते ऑर्डरमधे बघा, नसेल तर तेवढ्याच जाडीचा विरळ, मोठ्या छिद्रांचा फोम कापून लावता येतो, दाट फोम लावला तर वरचे सूर दबतील.

जुने पॅड कोमट पाण्यात दोन थेंब सौम्य शॅम्पू टाकून हाताने धुवा, पिळू नका, टॉवेलमधे दाबून पाणी काढा आणि पंख्याखाली पूर्ण दोन दिवस वाळवा, उन्हात नाही. थोडे फुगतात, पण चपटा झालेला फोम परत पहिल्यासारखा होत नाही, नवीन येईपर्यंतच.

खाडीकाठ_ऐरोली
अभिनंदन ताई. नवे पॅड आल्यावर सुरुवातीला डोक्याला थोडा घट्ट वाटेल, कमान ताणून ढिली करायला जाऊ नका, जुनं प्लास्टिक आहे. खोक्यावर रात्रभर अडकवून ठेवलं तर हळूहळू सैल होतो. आणि पावसाळ्यात कपाटात नुसता ठेवू नका, खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, मेडिकलवाल्याकडे मागितल्या तर तो देतो.

पामबीच_सानपाडा
केबल कुठली मागवली ते कळवा. आणि कधी सानपाड्याला येणं झालं तर माझा के७०१ ऐकून जा, त्याच रेकॉर्डिंगवर दोन्ही लावून बघू.